खोलीभर मॅगझिन्स

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात मी तीन वर्षं ज्यांच्या घरी भाड्यानं राहिले, त्या काकांकडे बंदूक एकच होती. मॅगझिन्स किती होती ते मात्र त्यांनाही धड सांगता आलं नसतं. मॅगझिन म्हणजे बंदुकीला खालून लावायची गोळ्यांची पेटी. पत्र्याची, आत एक स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग गोळ्यांना एकेक करून वर ढकलते. बाकी काही नाही. हे सगळं मला काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मी सुटकेस जिन्यात टेकवून धापा टाकत उभी असताना. बाथरूम कुठे आहे ते नंतर काकूंनी सांगितलं.

तिकडे गॅरेजच्या डोक्यावर एक जास्तीची खोली असते. बाकीच्या मराठी घरांत तिथे होम थिएटर असतं, नाहीतर ट्रेडमिल आणि ट्रेडमिलवर वाळत घातलेले टॉवेल असतात. काकांच्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एक लांब टेबल, आणि पलीकडे आत चालत जाता येईल एवढं मोठं भिंतीतलं कपाट, म्हणजे क्लोजेट. त्या क्लोजेटमध्ये जमिनीपासून छतापर्यंत फळ्या ठोकलेल्या. अमेरिकन कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलची, पंधरा गोळ्यांची सरळ मॅगझिन्स, तीस गोळ्यांची वाकडी, ब्रिटिश स्टेनगनची लांबलचक, बेल्जियन पिस्तुलाची तेरा गोळ्यांची, फिनलंडचे जाडजूड गोल ड्रम. सगळी जुन्या लढायांतली, निरनिराळ्या सैन्यांनी मोडीत काढलेली. त्यांतल्या कार्बाइनशिवाय एकही बंदूक काकांकडे नव्हती आणि त्यांना घ्यायचीही नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कुलपं जमवणारा माणूस दारं घेत फिरते का बाप्पा?"

माझी खोली त्याच मजल्यावर, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी क्लोजेटमधून खटखट आवाज यायचे. काका एकेक मॅगझिन कानाशी धरून अंगठ्यानं स्प्रिंग दाबायचे आणि सोडायचे. माझी आई असती तर म्हणाली असती, या माणसाला एकदा कुणाला तरी दाखवून आणा. मला पुढे त्या आवाजाची इतकी सवय झाली की सुट्टीत भारतात गेले की जाग यायची नाही.

काका मुळात स्प्रिंगांचे इंजिनिअर. अॅलर्जीचा जोरात झटका आला की मांडीत टोचायचं पेनासारखं इंजेक्शन असतं ना, त्याच्या आतली स्प्रिंग बघायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. ते इंजेक्शन कुणाच्या तरी पर्समध्ये महिनोन्‌महिने पडून असतं आणि एके दिवशी त्याला चालावंच लागतं. काकांना याच गोष्टीचं वेड. कुणा म्हाताऱ्या सैनिकाच्या घरच्या सेलमध्ये त्यांना एक भरलेलं मॅगझिन मिळालं होतं. "महायुद्धातून आल्यावर त्यानं जसं ठेवलं तसंच राहिलं. मी खाली केलं तं स्प्रिंग पहिल्या दिवसासारखी उसळून आली," असं ते येईल त्याला सांगत. "स्प्रिंग दाबून ठेवल्यानं थकत नाही, पोरी. सारखी दाबली-सोडली की थकते." काकू ओट्यापाशी फोडणी करत होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "मग माझं बरोबर आहे."

काकांचे वडील विदर्भातल्या एका ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. काका तिथल्या क्वार्टरमध्ये वाढले. कारखान्यात काय बनतं हे वडिलांनी घरात कधी सांगितलं नाही, कारण सांगायची परवानगी नव्हती. मरेपर्यंत सांगितलं नाही. काकांना याचं भारी कौतुक. कुठलीही गोष्ट निघाली, अगदी शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या कुंपणावर आली तरी, त्यांचा पहिला प्रश्न, "कायदा काय म्हणते?" मग लॅपटॉप उघडून कायदा वाचायचा. मग चहा. मग फांदी तोडायची की नाही ते ठरायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला. अमेरिकेतच जन्मलेली, शाळेत शिक्षिका, पहिलीचा वर्ग. तिची मुलगी, म्हणजे काकांची नात, तेव्हा सात वर्षांची. ही नात आजी-आजोबांच्या घरी एकदाही झोपलेली नव्हती. वर्षातून दोनदा ती मंडळी यायची आणि हायवेच्या कडेच्या हॉटेलात उतरायची. मुलीनं सांगूनच टाकलं होतं की ते सगळं सामान घरात आहे तोवर माझी पोर त्या घरात रात्र काढणार नाही. पार्कात भेटा, रेस्टॉरंटमध्ये भेटा, हॉटेलच्या ब्रेकफास्टला या. काकू सकाळी उठून उपमा करायच्या, थर्मासच्या डब्यात भरून हॉटेलात न्यायच्या आणि तिथल्या वॉफलच्या मशीनशेजारी बसून नातीला भरवायच्या. मी एकदा सोबत गेले होते. काकूंनी पिशवीतून घरचा टेबलक्लॉथ काढून त्या हॉटेलच्या टेबलावर अंथरला, तेव्हा मला काकांचा असा राग आला की तो पुढे बरेच दिवस गेला नाही.

बाप-लेकीचं भांडण रविवारी फोनवर व्हायचं, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे माझ्याही वाट्याला यायचं.

"बंदूक तिजोरीत आहे, किल्ली माझ्याजवळ आहे," काका म्हणायचे. "बाकीचे पत्र्याचे डबे आहेत. डब्यात काय आहे? हवा आहे. इथल्या कायद्यानं मला पूर्ण परवानगी आहे."

"बाबा, इट्स नॉट अबाउट द लॉ."

"मग कशाबद्दल आहे?"

मुलगी सांगायची. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याची, म्हणजे तिकडच्या भाषेत लॉकडाउनची, ती वर्गातल्या मुलांकडून दर महिन्याला तालीम करून घेत असे. दिवे बंद, दाराला कडी, मुलं कोपऱ्यात. सहा-सहा वर्षांची मुलं. ते सगळं करून घरी आल्यावर ती गोष्ट आपल्या बापाच्या घरी फळीवर मांडून ठेवलेली असते, ते तिला सहन होत नव्हतं.

"तो बंदूकवाला माझ्या घरून गेला काय?" काका विचारायचे.

मग काकू फोन घ्यायच्या आणि नातीचा दात पडला का ते विचारायच्या.

तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांत काकांना बंदूकवाले काका म्हणत. एकदा कुणाच्या तरी डोहाळजेवणाला पंगतीत एका गृहस्थांनी, खवचटपणेच, विचारलं, "काय हो, बुद्धाच्या फोटोखाली बंदुकीचं सामान? तुम्हा लोकांना काय गरज पडली त्याची?" ते 'तुम्हा लोकांना' सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी ताटात बघितलं. काका मात्र आरामात मसालेभात कालवत राहिले. म्हणाले, "गरज असती तर घेतलंच नसतं. शौक आहे. माझ्या आजाला पोटाची गरज होती, बापाला नोकरीची गरज होती. आमच्या घरात शौक करायची पाळी माझ्यापर्यंत आली. ती मी का सोडावी?" आणि वर, "तुमच्या घरी कोणत्या पिढीत आली होती?" असं अगदी चौकशीच्या सुरात विचारलं. त्या गृहस्थांना एकदम पाणी प्यावंसं वाटलं. मला काकांच्या त्या क्लोजेटचा इतका कंटाळा होता, तरी त्या दिवशी मी त्यांना आग्रहानं आणखी एक जिलबी वाढली.

रॅलेजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये गन शो भरायचा. काका मला एकदा घेऊन गेले, पण गाडीतच बजावलं, "तू व्हिसावर आहेस. हात जॅकेटच्या खिशात ठेवायचे. कोणी बंदूक दाखवाले पुढे केली तरी हात लावायचा नाही." मी सबंध दुपार खिशात हात घालून, आठवडी बाजारात आईच्या मागे फिरावं तशी फिरले. टेबलं, टेबलांवर भाल्याच्या टोकापासून तोफेच्या रिकाम्या नळकांड्यापर्यंत सगळं, आणि कोपऱ्यात बीफ जर्की, म्हणजे सुकवलेलं मांस. कार्बाइनचं पंधरा गोळ्यांचं मॅगझिन, लष्कराच्या मूळ मेणकागदात गुंडाळलेलं, पंचवीस-तीस डॉलर. तीस गोळ्यांचं खरं जुनं चाळीसच्या पुढे. त्याची नवी नक्कल निम्म्यात मिळायची, पण तिच्याकडे काका ढुंकून बघत नसत. स्टेनचं दहा-बारा डॉलरला, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. फिनिश ड्रम दोनशेच्या घरात.

काका भाव करत नसत. ते मॅगझिन उचलून, वरच्या कडा नखानं चाचपून, त्यात काय बिघाड आहे ते विक्रेत्याला समजावून सांगायचे. ही कड वाकलेली आहे, म्हणून दुसरी गोळी तिरपी येईल. बंदूक अडकते ना, ती बंदुकीमुळे नाही, या कडेमुळे. मग स्प्रिंगच्या तारेचं पोलाद. मग ते पोलाद युद्धाच्या काळात कसं वेगळं होतं ते. टोपीवाला विक्रेता हळूहळू पाच डॉलर उतरायचा, तो काका थांबावेत म्हणून. सरकार काहीतरी बंदी आणणार अशी नुसती कुजबुज झाली तरी तिथे भाव दुपटीनं चढतात आणि लोक खोकीच्या खोकी उचलतात. काका त्या दिवसांत घरी बसत. म्हणत, "लोक भीती विकत घेऊन राहिले. मला पत्रा पाहिजे."

कायद्याच्या बाबतीत तर विचारायची सोय नव्हती. राज्याराज्यांचे आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ. "नॉर्थ कॅरोलायनात मर्यादा नाही. मेरीलँडात दहाच्या वरचं विकता येत नाही, बाळगता येते. डेलावेअरात सतरा. न्यू जर्सीत दहा, आणि तिथं नुसतं बाळगणं हाच गुन्हा. मॅगझिन रिकामं असो, गंजलेलं असो, अकरावी गोळी मावली की झालं." मंडळातल्या एकाचा चुलतभाऊ न्यू जर्सीहून आला होता. त्यानं सोफ्यावर ऐसपैस बसून विचारलं, काका, मला दोन-तीन घेऊन ठेवा ना, पुढच्या खेपेला गाडीत टाकून नेईन, कोण बघतंय? काकांनी त्याचा कप भरला. म्हणाले, "चहा पिऊन जा. पण जा." तो हसला. काका हसले नाहीत. मग तो खरोखरच गेला.

जुन्या लष्करी मालाला गंज लागू नये म्हणून एक चिकट तपकिरी ग्रीस फासलेलं असतं. ते काढायला काकांनी सुरुवातीला काकूंचं इडलीपात्र वापरलं होतं. त्यावर त्या घरात काय झालं ते मला फक्त ऐकून माहीत आहे, पण मी गेले तेव्हाही इडल्या विकतच्या यायच्या. मग काका उन्हाकडे वळले. जुलैत मागच्या डेकवर एक जुनी साडी अंथरायची, तिच्या निम्म्या भागात काकूंच्या कुरडया, निम्म्या भागात काकांची मॅगझिन्स. ग्रीस वितळून साडीवर उतरायचं, कुरडया कडकडीत व्हायच्या, आणि मधल्या हद्दीवरून दोघांचं दिवसभर चालायचं. कॉलनीच्या असोसिएशनची एक बाई एकदा तक्रार घेऊन आली. मला वाटलं, आता काकांचं काही खरं नाही. तिचा आक्षेप कुरडयांना होता. ते काय आहे ते तिला कळेना, आणि त्यानं उंदीर येतील म्हणे. मॅगझिन्सकडे बघून तिनं तिचे आजोबा कुठल्या लढाईत होते ते सांगितलं.

एका गोष्टीत मात्र नवरा-बायकोचं एकमत होतं, आणि ती म्हणजे डबे. लष्करी मालात गोळ्यांचे हिरवे लोखंडी डबे मिळतात. झाकणाला रबर, बाजूला खटका, आत हवा शिरत नाही. काका ते आणायचे आणि काकू पळवायच्या. "मुंगी शिरत नाही ग त्यात," असं म्हणून त्यांनी सबंध पॅन्ट्री त्या डब्यांनी भरली होती आणि प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं. लाल तिखट. पोहे. मेतकूट. भाजणी. डबा रिकामा झाला की काका परत न्यायचे. पट्टी कोण काढतंय? आपल्या घरांत आईस्क्रीमच्या डब्यात कोथिंबीर असते आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. लेबलावर विसंबून डबा उघडायची आपल्याला सवयच नाही. सवय मला लागली, आणि ती नेमकी नको तेव्हा.

मार्चमध्ये मी गाडीनं जर्सी सिटीला मामेबहिणीकडे निघाले होते. आपल्या लोकांत कुणी गाडी काढली की ते एकटं जातच नाही, सोबत चार घरांचे डबे जातात. काकू म्हणाल्या, "वाटेत वेस्ट विंडसरला थांब. नातीला थालीपीठ हवंय, भाजणी देते." निघायच्या दिवशी त्या विहारात गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, डबा तयार आहे, वर लिहिलंय बघ. मी गॅरेजमधून गाडीकडे गेले तर दाराशीच हिरवा डबा, वर भाजणी लिहिलेला. मला वाटलं, काकूंनी मला सोपं पडावं म्हणून इथे आणून ठेवला. उचलला तर चांगला जड. पण भाजणी जडच असते. काकूंचा डबा पॅन्ट्रीत होता. हा काकांचा होता, रविवारच्या शोमध्ये जास्तीचा माल विकायला म्हणून त्यांनी खाली आणून ठेवलेला.

व्हर्जिनिया, मेरीलँड, डेलावेअर करत मी दुपारी वेस्ट विंडसरला पोचले. मुलीनं तवा काढूनच ठेवला होता. नात स्टुलावर चढून बसली होती. मुलीनं खटका उघडला. वर मंडळाच्या दिवाळी अंकाची पानं होती. ती बाजूला केली तर खाली काळी, वाकडी, ग्रीसचा वास मारणारी मॅगझिन्स एकावर एक रचून ठेवलेली.

नात म्हणाली, "इज दॅट आबाज?"

मुलीनं तिला वर खोलीत जायला सांगितलं. आवाज अगदी हळू होता. मग ती माझ्याकडे वळली, आणि माझं तोंड बघून तिला कळलं असावं की मला काही माहीत नव्हतं. माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज वर्षानुवर्षं रांगेत उभा, आणि मी तीन राज्यं ओलांडून तीस-तीस गोळ्यांची मॅगझिन्स न्यू जर्सीत आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेली. काकांचे ते पाढे माझ्या डोक्यात चालू झाले. दहा. बाळगणं हाच गुन्हा.

जावई म्हणाले, मागच्या तळ्यात टाकून येतो, विषय संपला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत घेऊन जाते. मुलीनं बापाला फोन लावला आणि जे होतं ते दोन वाक्यांत सांगितलं.

काका म्हणाले, "कोणी हात लावू नका. तळ्यात टाकलं तं तो दुसरा गुन्हा. आणि ती पोरगी परत घेऊन निघाली तं जितके मैल जाईल तितका वेळ ते तिच्या ताब्यात. डबा गॅरेजात ठेवा, कुलूप लावा. डबा माझा, चूक माझी. वकील मी पाहतो."

"बाबा, यू कुड गो टू जेल हिअर."

"हो. माहीत आहे ना मले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं ते आले. सूट घालून आले. तोच सूट त्यांनी नागरिकत्वाच्या शपथेला घातला होता, असं काकूंनी मला मागे फोटोत दाखवलं होतं. स्वतःहून, आधी लेखी कळवून जमा केलं तर कायदा सवलत देतो, म्हणून वकिलानं पोलिसांना कळवून ठेवलं होतं. आम्ही सगळे ठाण्यात गेलो. ऑफिसरनं विचारलं हे कुणाचं, तर काका उभे राहिले. बसून सांगितलं तरी चाललं असतं. "सगळं माझं आहे. हिला माहीत नव्हतं. माझ्या मुलीला माहीत नव्हतं. मी निष्काळजीपणा केला." एवढं त्यांनी इंग्रजीत, पाठ केल्यासारखं सांगितलं. ऑफिसरनं पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून हे काय लिहिलंय ते विचारलं. काकांनी तांदूळ, डाळी, ज्वारी, धणे, सगळं भाजून दळायचं, असं सांगितलं. त्यानं भाजणीचं स्पेलिंग विचारलं आणि ते लिहून घेतलं. कुणावर गुन्हा लागला नाही. माझ्या अर्जालाही धक्का लागला नाही. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर मी काकांवर ओरडले, जन्मात कुणा मोठ्या माणसावर ओरडले नसेन तशी. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मुलगी गाडीला टेकून बापाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते मला जास्त लागलं.

परत आल्यावर काकांनी दोन आठवड्यांत सगळं विकलं. टोपीवाल्याला घरी बोलावलं, क्लोजेट दाखवलं आणि तो म्हणाला तो भाव घेतला. कडा नाहीत, पोलाद नाही, एक शब्द नाही. टोपीवालाच गोंधळला. कार्बाइनसुद्धा परवानेवाल्या दुकानदारामार्फत गेली. काकू खालीच थांबल्या होत्या. सगळं गेल्यावर त्या वर आल्या आणि त्यांनी काकांच्या हातात चहा दिला.

मी म्हटलं, "नातीसाठी बरं केलंत काका."

"तिच्यासाठी नाही केलं," ते म्हणाले. "पोरीसाठीही नाही. ज्याले डब्यावरची पट्टी काढायचं भान नाही, त्यानं हे बाळगू नये. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तं मी हेच म्हटलं असतं. मी चुकलो. तिचं म्हणणं बरोबर होतं असं नाही होत त्यानं." मुलीनं मला फोन करून विचारलं तेव्हा मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "ऑफ कोर्स ही सेड दॅट." आणि मग, "जुलैत येतोय. हॉटेल बुक करत नाहीये."

जुलैत आले. काकूंनी आठवडाभर आधीपासून गाद्या उन्हात टाकल्या होत्या. नातीचं अंथरूण गॅरेजवरच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या समोर. काकांनी क्लोजेटमधल्या फळ्या उखडून भिंतींना पांढरा रंग दिला होता. आल्या दिवशी दुपारी सगळे खाली होते. मी माझ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, दार उघडं होतं. काका नातीला खोली दाखवत होते, आणि तिनं क्लोजेटचं दार उघडलं.

"आबा, धिस इज अ रिअली गुड स्पॉट."

"कशासाठी बाळा?"

"फॉर लॉकडाउन. नो विंडोज. माझा होल क्लास बसेल इथे." मग जरा थांबून, "आणि ममाचा क्लासपण."

नातीनं त्यांना आत ओढलं असावं, कारण मग त्यांचा आवाज भिंतीआडून यायला लागला. कुठं बसू, त्यांनी विचारलं. तिकडे नाही, ती म्हणाली, दारातून दिसतोस, इकडे, भिंतीला पाठ लाव, गुडघे जवळ घे. काकांचे गुडघे दुखायचे. ते खाली बसल्याचा कण्हण्याचा आवाज मी ऐकला. मग तिनं दिवा बंद केला.

"नाऊ नो टॉकिंग. कोणी नॉक केलं तरी नाही. कोणी तुझं नाव घेतलं तरी नाही."

"किती वेळ?" काकांनी हळूच विचारलं.

"पोलीस येईपर्यंत. आबा, श्श."

खालून काकूंनी हाक मारली, पानं घेतलीत म्हणून. वर कुणी ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी उठले आणि क्लोजेटपाशी गेले. दाराखालून उजेड येत नव्हता. मी दारावर टकटक केलं.

"काका," मी म्हटलं, "काकू बोलावतायत. जेवायला चला."

आतून उत्तर आलं नाही. कुणीतरी नाक ओढलं, ते म्हाताऱ्या माणसाचं होतं. मी पुन्हा त्यांना हाक मारली. ते बोलले नाहीत. मग नातीचा आवाज आला, अगदी बारीक, कानात सांगितल्यासारखा.

"गुड जॉब, आबा."